ताडोबा, पेंच, उमरेड : परमिट, शुल्क आणि आत गेल्यावरचे नियम

अंबाझरी

नमस्कार मंडळी. दिवाळीत पुण्याहून दीर-जाऊ आणि त्यांची दोन मुलं येताहेत, अमेरिकेहून नणंद येतेय. नागपूरला येणार म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, वाघ कधी दाखवता? यंदा बुकिंगचं काम माझ्याकडे आलंय. दोन दिवस वेगवेगळ्या साइट बघतेय, पण डोक्यात नुसता गोंधळ. ताडोब्याची साइट वेगळी, पेंचची वेगळी, त्यातही महाराष्ट्राचं पेंच वेगळं आणि मध्य प्रदेशचं वेगळं. एका ठिकाणी शनिवार-रविवारचा दर निराळा, दुसरीकडे कोअर (जंगलाचा आतला गाभा) आणि बफर (त्याभोवतीचा पट्टा) यांचा निराळा.

आम्ही मोठी सहा आणि मुलं दोन. सासूबाई ७६ वर्षांच्या, गुडघ्यांचा त्रास आहे, पण त्यांना यायचंच आहे. नणंदेचा पासपोर्ट अमेरिकेचा. एका जिप्सीचा एकूण खर्च सांगितला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "एवढे पैसे घेतात तर वाघाची खात्री देतात का?" मला उत्तर देता आलं नाही. हे पैसे नेमके कशाचे, कुठे जातात, आणि कुठलं गेट घ्यावं, हे कुणी नीट समजावून सांगेल का?

सागवान

ताई, सासूबाईंच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण सगळा धागा त्याच्यावर उभा आहे. वाघाची खात्री कुणीही देत नाही आणि देऊ नये. देणारा एजंट भेटला तर तिथूनच परत फिरा.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्याचं कलम २७ सांगतं की अभयारण्यात कुणालाही सहज शिरता येत नाही. कामावरचा सरकारी कर्मचारी, आत ज्याची जमीनजुमला आहे तो, सार्वजनिक हमरस्त्याने नुसता पलीकडे जाणारा, असे मोजके लोक सोडले तर बाकी सगळ्यांना परवानगी लागते. ती कशासाठी देता येते हे कलम २८ मध्ये आहे: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्या माणसाशी कायदेशीर व्यवहार. राष्ट्रीय उद्यानालाही हेच लागू. म्हणजे मुळात दार बंद आहे, आणि तुमच्यासाठी ते काही तास, ठरलेल्या रस्त्यांवर, अटी घालून उघडतात. तुम्ही शुल्क भरता ते या परवानगीचं. वाघ त्या पावतीत कुठेच नाही.

आता पैशांचे भाग. एक प्रवेश शुल्क, दुसरं जिप्सीचं भाडं, तिसरं गाइडचं शुल्क. मोठी लेन्स असेल तर कॅमेऱ्याचं वेगळं. जिप्सीचं भाडं गाडीमालकाला जातं आणि तो बहुतेक गेटजवळच्या गावातलाच असतो. गाइडचं गाइडला. प्रवेश शुल्काचा पैसा व्याघ्र प्रकल्पाच्या प्रतिष्ठानकडे राहतो. असं प्रतिष्ठान काढण्याची तरतूद कायद्यातच केलेली आहे, नाहीतर गेटवरची रक्कम सरकारी तिजोरीत जायची आणि पाणवठ्याच्या पंपाला डिझेल हवं असलं तरी फाइल मुंबईला जायची.

दर मी इथे मुद्दाम लिहीत नाही. ते बदलत राहतात, आणि नेटवर जुने तक्ते फिरतात त्यांनीच लोकांचं गणित चुकतं. ज्या दिवशी बुकिंग कराल त्या दिवशी सरकारी साइटवर दिसेल तोच खरा. शनिवार-रविवार आणि सणासुदीला जास्त, मधल्या वारांना कमी, परदेशी नागरिकांना वेगळा आणि जास्त, एवढं धरून चाला. नणंदेचं नाव पासपोर्टवर आहे तसंच भरा आणि नागरिकत्वाच्या रकान्यात खरं तेच लिहा. गेटवर पासपोर्ट बघतात.

एका जिप्सीत सहा पर्यटक. तुम्ही आठ जण आहात, म्हणजे दोन जिप्सी लागतील. मुलांची नावंही परमिटवर हवीत.

मनीषनगरची माई

सागवान यांनी छान सांगितलं. मी बुकिंगपुरतं लिहिते.

ताडोब्याचं बुकिंग आता वनखात्याच्या सरकारी पत्त्यावर आहे: मायताडोबा, मग डॉट महाफॉरेस्ट डॉट जीओव्ही डॉट इन. शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का ते अक्षर-अक्षर वाचा. हुबेहूब दिसणाऱ्या खासगी साइट गुगलवर सगळ्यात वर येतात, जाहिरातीचे पैसे भरून. आधी हे बुकिंग एका खासगी कंपनीकडे होतं आणि २०२३ मध्ये त्यात बारा कोटींच्या घरातल्या अपहाराचा गुन्हा चंद्रपूरला दाखल झाला, तेव्हा पेपरात बरंच आलं होतं. मध्य प्रदेशच्या पेंचचं, म्हणजे तुरिया, कर्माझिरी, जमतरा या गेटांचं, बुकिंग एमपीऑनलाइनवर होतं. आपल्या बाजूच्या सिल्लारी, खुर्सापार, चोरबाहुलीचं त्या साइटवर शोधत बसू नका, मिळणार नाही.

माझ्या बहिणीच्या नवऱ्याच्या बाबतीत काय झालं ते सांगते. एका एजंटाने व्हॉट्सॲपवर परमिटचा फोटो पाठवला, पैसे घेतले. गेटवर कळलं की परमिट खरं आहे, पण नावं दुसऱ्याच कुटुंबाची. नाव बदलून मिळत नाही, हा नियम त्या एजंटाला ठाऊक होता. पहाटेच्या थंडीत दोन लहान मुली घेऊन ती माणसं माघारी आली. एजंटाचा फोन त्यानंतर लागलाच नाही.

म्हणून फोटोवर विश्वास ठेवू नका. परमिटवर तुमचीच नावं, तुमच्याच ओळखपत्राचे क्रमांक आणि तुमचंच गेट आहे हे पैसे देण्याआधी बघा. बुकिंग स्वतः केलं तर उत्तमच, तासाभराचं काम आहे.

आणि वार बघा बरं का. ताडोबा मंगळवारी बंद असतं. मध्य प्रदेशच्या पेंचला बुधवारी दुपारची फेरी नसते. पाहुण्यांची रेल्वेची तिकिटं काढायच्या आधी हे बघून ठेवलेलं बरं.

कोलाराचा गाइड

नमस्कार. मी ताडोब्यात गाइड आहे, गाव कोलारा गेटजवळच. ताई, तुम्ही विचारलं म्हणून गेटवर काय होतं ते सांगून देतो.

पहाटे अंधारातच गाड्या लाइनीत लागतात. आम्ही आमच्या नंबराने लागतो, कोणाला कोणता गाइड ते पाहुण्याच्या हातात नसते आणि आमच्याही नसते. मग टॉर्च धरून परमिट आणि ओळखपत्र जुळवून बघतो. इथंच जास्त घोळ होतात. परमिटवर राजू आणि आधारवर राजेंद्र. लग्नानंतरचे आडनाव परमिटवर, माहेरचे आधारवर. मोबाइलमध्ये आधारचा फोटो दाखवतात, आम्हाला मूळ कार्ड लागते. मागे पंचवीस गाड्या हॉर्न न वाजवता उभ्या, उजाडत चाललेले, आणि एका नावासाठी सगळी गाडी अडून राहते. पाहुणे आमच्यावर चिडतात. पण नाव जुळत नसताना सोडले तर माझे काम जाते.

मोबाइल आत वापरता येत नाही. कोअरमध्ये आमच्याकडे ही बंदी आधीपासून आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या केसमध्ये निकाल दिला, त्यात सगळ्याच व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधल्या पर्यटन भागासाठी मोबाइलबंदी सांगितली आणि रात्रीचे पर्यटन नको म्हणून सांगितले. म्हणून साधा कॅमेरा असला तर आणा, नाहीतर डोळ्यांनी बघा. कारण काय आहे, वाघ दिसला की एक फोन जातो आणि पंधरा मिनिटांत सगळ्या गाड्या त्याच वळणावर.

आजींना आणा, काही हरकत नाही. पुढच्या सीटवर बसवा, मागची सीट फार उसळते आणि चढायलाही उंच पडते. आत कुठेच उतरता येत नाही, ठरवून दिलेल्या जागा सोडून, म्हणून गेटवरच बाथरूमला जाऊन घ्या. कमरेमागे उशी ठेवा. दिवाळीनंतर पहाटे उघड्या जिप्सीत लय थंडी वाजते, कानटोपी आणि शाल पाहिजेच. अत्तर, भडक कपडे नको. प्लास्टिकची पाण्याची बाटली नको, स्टीलची आणा. फेब्रुवारी २०२४ मध्ये निमढेल्याकडच्या वाघाचा तोंडात प्लास्टिकची बाटली धरलेला व्हिडिओ तुम्ही बघितलाच असेल. ती बाटली कोणा माणसाच्याच हातातून पडली असणार.

वर्धारोड

सगळं बरोबर आहे भाऊ, पण मला एक मुद्दा मांडायचा आहे आणि तो कोणी मांडून नाही राहिलं.

नागपूरला आपण व्याघ्र राजधानी म्हणतो. विमानतळावर वाघ, चौकात वाघ, भिंतीवर वाघ. आणि इथला शाळामास्तर, इथला बँकेतला कारकून, ऑटोवाला, यांच्यापैकी किती जणांनी पोराला घेऊन ताडोबा बघितलं? चौघांचं घर असेल तर पूर्ण जिप्सीचे पैसे, जाण्यायेण्याची गाडी, वरून राहणं. रविवार सोडून सुट्टी नाही, आणि रविवारचाच दर चढा. म्हणजे ज्याला सोमवार ते शुक्रवार मोकळा वेळ आहे त्यालाच स्वस्त. काहून? गर्दी कमी करायची आहे हे मला समजतं. पण पैशाने गर्दी कमी केली की गरीबच कमी होतात, हे कोणीतरी मान्य केलं पाहिजे.

सागवान

वर्धारोड भाऊ, तुमचा राग रास्त आहे. फक्त एक गोष्ट वेगळी करून बघू. गाड्यांची संख्या दराने ठरत नाही. जुलै २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने कोअरमधलं पर्यटन तात्पुरतं बंदच केलं होतं. ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली तेव्हा ते पुन्हा सुरू झालं. त्यांत लिहिलंय की कोअरच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त भाग पर्यटनाला द्यायचा नाही. आणि रोज किती गाड्या सोडायच्या हे त्या जंगलाच्या वहनक्षमतेवरून काढायचं: रस्ता किती किलोमीटर, दोन गाड्यांत अंतर किती, एक फेरी किती तासांची, त्या रस्त्यावर धूप किती होते. त्या हिशेबातून आकडा निघतो. उद्या परमिट फुकट केलं तरी गाड्या तेवढ्याच जातील, फक्त लॉटरी लागेल.

मग त्या ठरलेल्या गाड्यांत कोण बसणार, हा तुमचा खरा प्रश्न आहे, आणि तिथे मी तुमच्या बाजूने आहे. काही जागा जिल्ह्यातल्या लोकांसाठी रविवारीही साध्या दराने ठेवाव्यात. बफरमधल्या शाळांच्या मुलांना आत नेतात तसं नागपूरच्या मनपा शाळांतल्या मुलांनाही न्यावं. सीटप्रमाणे बुकिंग मिळावं, म्हणजे चौघांच्या घराला सहा जणांचं भाडं पडणार नाही. मध्य प्रदेशात एकेका सीटचं परमिट मिळतं, मग आपल्याकडे का नको? लेखी मागणी करायची तर दूर जायला नको, राज्याच्या वनखात्याचं मुख्यालयच सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात आहे.

तोवर हेही करता येतं. गोरेवाड्याला बसमधून सफारी आहे, २०२१ च्या प्रजासत्ताक दिनापासून सुरू झाली, नागपुरातल्या नागपुरात जाऊन येता येतं. ते कुंपणातलं आहे, जंगल नव्हे, हे मुलांना आधी सांगा. सिल्लारीला मुक्काम केला तर वाघापेक्षा वेगळं काही दिसतं. २०२४ मध्ये आपलं पेंच देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं, जवळच वाघोडा गावाजवळ आकाशनिरीक्षणाची सोय आहे. अमावस्येच्या आसपास गेलात तर आकाशगंगेचा पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तो नागपुरातल्या मुलांनी जन्मात पाहिलेला नसतो.

पाणवठा

सागवान सर, एक विचारायचं होतं. वर अंतराचा उल्लेख आला. नेमकं किती अंतर ठेवायचं असतं? आम्ही मागच्या मोसमात गेलो तेव्हा समोरची गाडी वाघाच्या इतकी जवळ होती की मागच्या सीटवरचा माणूस हात लांब करून त्याला शिवेल असं वाटलं. आमच्या गाडीतले लोक चालकाला म्हणत होते, "आपणही घ्या ना पुढे." मला बोलायला जड गेलं. अनोळखी लोक होते.

सागवान

२०१२ च्या त्याच तत्त्वांत दिलंय. प्राण्यापासून किमान २० मीटर आणि प्राणी बघताना दोन गाड्यांमध्ये किमान ५० मीटर. घेरायचं नाही, आमिष दाखवायचं नाही, खायला घालायचं नाही. वीस मीटर म्हणजे साधारण दोन एसटी बस एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढं होईल तेवढं.

पाळलं नाही तर काय होतं ते ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात दिसलं. गोठणगाव गेटचा भाग. एफ-२ नावाची वाघीण पाच बछड्यांना घेऊन रस्त्यावर आली. जंगलातला रस्ता तो, एका गाडीच्या रुंदीचा. पुढून गाड्या, मागून गाड्या. व्हिडिओ बघा, वाघीण पुढे जाते, थांबते, मागे वळून बछड्यांकडे बघते आणि पुन्हा थांबते. झाडीत शिरायचं तर सगळे बछडे सोबत हवेत, आणि ते गाड्यांमुळे विखुरलेले. आईपासून तुटलेला बछडा जंगलात फार काळ जगत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चालक आणि गाइड निलंबित झाले, दंडही झाला.

चालक-गाइडवर कारवाई झाली ते योग्यच. पण परमिटवर नाव कुणाचं असतं? पर्यटकाचं. अटी कुणी मान्य केलेल्या असतात? त्यानेच. ऑनलाइन अर्जात खूण केल्याशिवाय पैसेच भरता येत नाहीत. माझं म्हणणं आहे की त्या नावाला अट चिकटली पाहिजे. ज्या गाडीने घेराव घातला त्या गाडीतल्या सहाही नावांना पुढची काही वर्षं राज्यातल्या कुठल्याही व्याघ्र प्रकल्पाचं परमिट मिळता कामा नये. बुकिंग ऑनलाइन आहे, ओळखपत्राचा क्रमांक नोंदलेला आहे, तेव्हा हे अवघड नाही. आज शिक्षा होते ती ज्याची रोजी त्या गेटवर आहे त्याला. ज्याने "अजून पुढे घे" म्हटलं तो सुखरूप घरी जाऊन फोटो टाकतो.

कोलाराचा गाइड

सागवान सरांनी आमच्या मनातले लिहिले.

पाहुणा पाचशेची नोट दाखवतो. "भाऊ, जरा समोरून दाखव ना, मुलाला बघायचं आहे." नाही म्हटले की उतरताना बोलतो, गाइड बेकार होता. हो म्हटले आणि कोणी फोटो काढून वर पाठवला की माझे आणि ड्रायव्हरचे काम बंद. ड्रायव्हरची गाडी कर्जावर असते, हप्ता थांबत नाही. माझ्या ओळखीच्या एकाने तीन महिने घरी बसून काढले, बायको रोवणीला गेली तेव्हा घर चालले.

म्हणून मी आता काय करतो, गेट ओलांडले की गाडी थांबवून दोन मिनिटे बोलतो. सांगतो की अंतर ठेवणार, त्यासाठी मला कोणी काही बोलू नका. सांबराचा अलार्म कॉल ऐकवतो, वानर कसे झाडावरून खोकल्यासारखे ओरडते ते सांगतो, धुळीतला पंजा दाखवतो. लोक ऐकतात. आधी सांगितले की बहुतेक लोक ऐकतात. पाणवठा दादा, तुम्ही गाडीत एकटे बोलले असते ना, तर तेवढ्यानेही ड्रायव्हरला बळ आले असते. गाडीतला एक माणूस जरी "नको, इथूनच दिसते" म्हणाला, तरी आमचे काम सोपे होते.

मोहाफूल

मी मूळची सिंदेवाही तालुक्यातली, नोकरीसाठी नागपूरला. इतका वेळ वाचत होते, आता लिहिते.

परमिटची गोष्ट निघाली की मला आमच्या गावातल्या बायका आठवतात. १० मे २०२५ ला आमच्या तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायकांना वाघिणीने एकाच दिवशी मारलं. तेंदूचा हंगाम मे महिन्याचा, जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. पहाटेच जावं लागतं, कारण ऊन चढायच्या आत पाला तोडून घ्यायचा असतो, मग पुडके बांधून फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, पोचवायचे असतात. म्हणजे वाघ फिरतो त्याच वेळी, वाकून, पाला खुडत. वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, असं वनखात्याचे लोकच सांगतात. पर्यटक जिप्सीत उंच बसून जे जंगल बघतो त्याच जंगलात ही बाई जमिनीवर असते.

आणि खुद्द ताडोबा. तारू नावाचा गोंड गावप्रमुख वाघाशी झुंजताना गेला असं सांगतात, तोच ताडोबा देव, त्याचं ठाणं तलावाकाठी आहे. पौषात तिथे यात्रा भरायची. ज्यांच्या देवाचं नाव त्या उद्यानाला आहे, त्यांनाच देवाला जायला आज परवानगीचा विचार करावा लागतो. बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावं कोअरमधून बाहेर आली. नवेगावचं नाव गेटला राहिलं.

मी वाघाच्या विरोधात नाही. आमच्याकडे कुणीच नाही, वाघाला देव मानतात. माझं म्हणणं एवढंच की प्रवेश शुल्काचा पैसा कुठे खर्च झाला हे प्रत्येक बफर गावाच्या ग्रामपंचायतीत फलकावर लावावं. गॅस किती घरांना दिला, कुंपण किती शेतांना, हंगामात सोबत राहायला किती प्राथमिक प्रतिसाद दलाची माणसं. पर्यटकालाही कळेल आणि गावालाही.

वर्धारोड

मोहाफूल ताई, तुमची मागणी माझ्या मागणीपेक्षा मोठी आहे. मी माझी बाजूला ठेवतो. फलकाची गोष्ट लेखी द्यायची असेल तर मी सही करतो आणि अजून माणसं जमवतो.

देवाच्या गोष्टीवरून नागद्वार आठवलं. नागपूर-विदर्भातून श्रावणात लोक पचमढीला जातात ना, तो सगळा रस्ता सातपुडा व्याघ्र प्रकल्पातला आहे. वर्षभर बंद, नागपंचमीच्या आगेमागे दहाएक दिवस उघडतो. पावसाळ्यात बाकी पर्यटन बंद असतानाही लाखोंनी माणूस त्या डोंगरातून पायी जाते. म्हणजे ठरवलं तर श्रद्धेसाठी जंगलाचं दार वेळ ठरवून उघडता येते. आमचे काका जायचे, ते सांगायचे की पूर्वी भाकरी फडक्यात बांधून न्यायचे आणि फडकं परत आणायचे. आता यात्रा संपली की गाड्याच्या गाड्या प्लास्टिक काढावं लागते. तिथं नियम सगळ्यांनी मिळून पाळले पाहिजेत, नाहीतर ते दहा दिवसही राहणार नाहीत.

मनीषनगरची माई

अंबाझरी ताई, तुमच्या मूळ प्रश्नाचं राहून जायला नको म्हणून लिहिते. दिवाळीच्या आठवड्यात कोअरचं परमिट आयत्या वेळी मिळणं कठीण. तारीख उघडेल त्या दिवशीच बसा. नाही मिळालं तर तत्काळचा थोडा कोटा असतो, त्याच्या भरवशावर मात्र पाहुण्यांना बोलावू नका. सासूबाईंचा विचार करता मी खुर्सापार किंवा सिल्लारी म्हणेन. जबलपूर रोड चांगला आहे, नागपुरातून पहाटे निघून त्याच दिवशी परत येता येतं, मुक्कामाचा खर्च वाचतो. ताडोब्याला नेलंत तर आदल्या रात्री तिथेच राहा. एवढ्या पहाटे नागपूरहून निघून सफारी, आणि दुपारी परतीचा प्रवास, त्यांच्या गुडघ्यांना झेपणार नाही.

बफरला कमी समजू नका. जंगल तेच आहे आणि वाघाला कोअरची सीमा ठाऊक नसते. दरही कमी.

फुलपाखरू_नागपूर

थोडा वेगळा प्रश्न, पण परमिटचाच आहे. मी एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी पेंचमधल्या फुलपाखरांची नोंद करायची आहे, आणि फुलपाखरं पावसाळ्यात जास्त. पण १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद. पर्यटनाचं परमिट काढून चालणार नाही ना? आमच्या विभागात कुणालाच नक्की माहीत नाही. अर्ज कुठे करायचा?

सागवान

चालणार नाही. पर्यटनाच्या परमिटवर गाडीतून उतरताच येत नाही, आणि तुला तर पायी फिरायचं आहे. कलम २८ मधली संशोधनासाठीची परवानगी घे, ती पावसाळ्यातही मिळू शकते, कारण बंदी पर्यटनाला आहे. अर्ज प्रधान मुख्य वनसंरक्षक, वन्यजीव, म्हणजेच मुख्य वन्यजीव रक्षक यांच्या नावाने, विभागप्रमुखांच्या सहीने. तू नागपुरात आहेस हा तुझा फायदा, बाकी जिल्ह्यांतल्या मुलांना यासाठी इथवर यावं लागतं. अर्जाची एक प्रत पेंचच्या क्षेत्रसंचालकांना दे, कारण अभिप्राय त्यांच्याकडून मागवतात.

सोबत प्रकल्पाचा आराखडा, मार्गदर्शकांचं पत्र, किती महिने, किती माणसं, कुठली साधनं हे सगळं जोड. नुसतं बघून फोटो काढणार की जाळीने पकडणार हे स्पष्ट लिही. काही फुलपाखरं कायद्याच्या अनुसूचीत आहेत, नमुना गोळा करायचा असेल तर त्याची वेगळी परवानगी लागते. शक्य असेल तर फोटोंवरच काम कर, मंजुरी सोपी जाते.

आणि जागा लिहिताना "पेंच" एवढंच लिहू नकोस. वनपरिक्षेत्राचं नाव आणि कक्ष क्रमांक दे. मोघम अर्ज परत येतात आणि त्यात महिना जातो. आधी सिल्लारीला वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना भेट, ते नकाशावर कक्ष दाखवतील. बरोबर येणारा वनमजूर कोण, पावसात कुठला नाला ओलांडता येत नाही, हेही तिथेच कळेल.

फुलपाखरू_नागपूर

खूप आभार सर. सोमवारी विभागप्रमुखांकडे अर्जाचा मसुदा घेऊन जाते. कक्ष क्रमांक मिळाले की इथे टाकते, अजून दोघी मैत्रिणींना बोर अभयारण्यासाठी असाच अर्ज करायचा आहे.